भोसरीत तयार केलेली थार जैसलमेरच्या वाळूत कशी चालली

डिसेंबरात आम्ही दोन गाड्या घेऊन जैसलमेरला जाऊन आलो आणि तेव्हापासून जो भेटतो तो हेच विचारतो, गाडीचं काम कुठे केलं, किती गेले, आणि एवढं सगळं लावून खरंच फरक पडतो का. म्हणलं एकदाच सविस्तर लिहून टाकू. हा रिव्ह्यू गाडीपेक्षा गाडीवर झालेल्या कामाचा आहे, भोसरी एमआयडीसीतल्या एका गॅरेजात झालेल्या. गॅरेजचं नाव लिहीत नाहीये, कारण त्यांची एक मोठी चूक पण सांगायची आहे आणि ती त्यांनी स्वतःहून निस्तरली, तेव्हा चुकीमुळे नाव खराब व्हावं असं मला मनापासून वाटत नाही.

गाडी म्हणजे महिंद्राची थार, २०२० नंतरची, दोन लिटर टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक, हार्ड टॉप. दीडशे हॉर्सपॉवर आणि ३२० एनएम टॉर्क, म्हणजे इंजिनाला हात लावायची गरजच नाही, आणि आम्ही लावलाही नाही. घेतली तेव्हा डोक्यात फक्त सह्याद्री होता. मुळशीच्या मागचे चिखलाचे रस्ते, ताम्हिणीच्या बाजूचे दगड, पानशेतकडच्या कच्च्या वाटा, पावसाळ्यात शनिवार आला की निघायचं. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत जे काही लावलं ते चिखल आणि दगड डोळ्यासमोर ठेवून लावलं. पुढे जाड स्टीलचा बंपर, त्यात विंच (दोरी गुंडाळून अडकलेली गाडी ओढणारं यंत्र), खाली चार एमएमची स्किड प्लेट (गाडीचं पोट दगडांपासून वाचवणारा पत्रा), वर कॅरियर, स्नॉर्कल (इंजिनाची हवा टपाच्या उंचीवरून घेणारी नळी), आणि मड टेरेन म्हणजे चिखलाचे टायर. मुळशीत हे सगळं उपयोगी पडलंय, त्याबद्दल एक शब्द वावगा बोलणार नाही. ओढ्यातून गाडी बाहेर काढायला झाडाला विंच लावून दोनदा सुटलोय आम्ही.

मग ठरलं वाळूत जायचं. गॅरेजवाले दादा (पन्नाशीचे आहेत, त्यांच्याकडे दोनच रॅम्प आणि तीन पोरं, गाडी स्वतः बघितल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत) त्यांना सांगितलं की गाडीला काय काय करावं लागेल ते काढा, जैसलमेरला चाललोय. ते म्हणाले, "ताई, तुमची गाडी चिखलाची केलीये आपण. वाळूत तिला वजन जड जाईल. बंपर आणि विंच काढून ठेवू का?" मी नाही म्हणलं. एवढे पैसे घालून लावलेला विंच नेमका मोठ्या ट्रिपला काढून ठेवायचा हे मला पटेना. त्यांनी परत एकदा विचारलं आणि मग गप्प बसले. तेव्हाच ऐकायला हवं होतं, पण ते पुढे येईल.

आता कामाबद्दल. सस्पेन्शन दोन इंचाने उचललं. इथे गॅरेजचं कौतुक करायलाच पाहिजे कारण पुण्यात बरेच जण स्पेसर (जुन्या स्प्रिंगला लावायची नुसती जाड चकती) टाकून गाडी उंच करून देतात, स्वस्तात होतं आणि दिसायला सेमच दिसतं, पण ओरिजिनल स्प्रिंग तेवढीच राहते आणि चाक खाली जायला जागा कमी उरते. दादांनी स्पेसर टाकायला सरळ नकार दिला. चारही स्प्रिंग आणि शॉक नवीन, सामान भरलेल्या गाडीच्या हिशोबाने. आणि एक गोष्ट त्यांनी मला रॅम्पखाली उभं करून दाखवली जी मला आधी कुणीच सांगितली नव्हती. थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे (दोन्ही चाकं आपापली वरखाली होतात) पण मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर), त्यामुळे लिफ्ट केली की बॉडी वर जाते, मागच्या डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा जमिनीपासून जिथे होता तिथेच राहतो. तो वर न्यायचा तर फक्त मोठं टायर हाच उपाय. आणि पुढे जास्त उचललं तर ॲक्सल शाफ्टचा अँगल तिरका होतो आणि सांधे लवकर जातात, म्हणून दोन इंचाच्या वर ते जात नाहीत, कितीही पैसे दिले तरी.

काम झाल्यावर अलाइनमेंट केली, गाडी डावीकडे ओढत होती, तर दुसऱ्या दिवशी परत बोलावून परत केली, पैसे घेतले नाहीत. आणि सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हेडलाइट. गाडी उंच झाली की उजेडही वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यात घुसतो, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. संध्याकाळी साडेसातला शेडचं शटर अर्धं ओढून गाडी भिंतीसमोर उभी केली, भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली, आणि एक पोरगा बॉनेट उघडून स्क्रू फिरवतोय आणि दादा लांब उभे राहून "अजून खाली, अजून खाली, बास" असं पंधरा मिनिटं चाललेलं. हायवेला रात्री एकाही ट्रकवाल्याने मला डिपर मारला नाही.

टायरच्या बाबतीत मात्र मी त्यांचं ऐकलं. मड टेरेनचे गट्टे मोठे आणि मधे खोल दऱ्या, चिखलात ते चावतात, पण वाळूत फावड्यासारखे खाली खणत जातात. म्हणून मड टेरेन काढून ऑल टेरेन (सगळ्या रस्त्यांना चालणारे, बारीक नक्षीचे) टाकले, आणि १८ इंची रिमऐवजी १६ इंची, २४५/७५ आर १६. बाहेरून चाक जवळजवळ तेवढंच पण रिम लहान झाली की टायरची बाजूची भिंत उंच मिळते आणि हवा कमी केल्यावर फुगायला त्या भिंतीलाच जागा लागते. थारच्या खालच्या व्हेरियंटला कंपनीकडूनच १६ इंची रिम येते त्यामुळे ब्रेकला वगैरे काही अडचण नाही. ज्यांना वाळूत जायचंय त्यांनी माझ्या मते पहिला खर्च हा करावा, बाकी सगळं नंतर.

प्रवासाबद्दल जास्त लिहीत नाही. पुणे ते अहमदाबाद एक दिवस, अहमदाबादहून सांचोर, बाडमेर करत जैसलमेर दुसरा दिवस, साधारण १२०० किलोमीटर. बरोबर मित्राची गुरखा, आकुर्डीवाल्या फोर्स मोटर्सची गाडी, जशी शोरूममधून निघाली तशी. तिला स्नॉर्कल कंपनीकडूनच येतो आणि पुढचं मागचं दोन्ही डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्रच फिरवणारं) पण. वाळूत एकट्या गाडीने जायचंच नाही हा नियम आहे आणि तो मोडू नका, कितीही अनुभव असू दे.

दुसरं म्हणजे लोकल माणूस घ्या. जैसलमेरजवळच्या सम आणि खुरी या वाळूच्या टेकड्यांच्या भागाला डेझर्ट नॅशनल पार्क लागून आहे, तीन हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला, आणि तिथे माळढोक आहेत. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला माळढोकसाठी अभयारण्य केलं आणि तरी ते पक्षी आपल्या डोळ्यादेखत संपत आले, हे ज्यांना माहितीये त्यांना वेगळं सांगायला नको. जमिनीवर घरटं करणारा पक्षी आहे, एकच अंडं घालतो. कुठे गाडी घालायची आणि कुठे नाही हे मोबाइलवरच्या मॅपवर कळत नाही. आमच्याबरोबर जे होते त्यांना सगळे भाईसा म्हणत होते, त्यांची जुनी मारुती जिप्सी, टपाचं कापड उन्हाने पांढरं पडलेलं.

पहिल्या सकाळी टेकड्यांच्या तोंडाशी थांबलो. मी लगेच फोर हाय टाकला (चारही चाकांना ताकद), ईएसपी (घसरताना आपोआप ताकद कमी करणारी यंत्रणा) बंद केला, आता निघू म्हणलं तर भाईसा उतरून आले आणि म्हणाले, "पहले हवा निकालो मॅडम, बाद में बात." रस्त्यावर ३२ पीएसआय होती, ती १८ वर आणली. खाली बसून व्हॉल्व्हवर डीफ्लेटर (हवा सोडायचं छोटं यंत्र) लावला, फुस्स आवाज चालू आणि टायरची खालची बाजू हळूहळू बाहेर येतीये, जरा मऊ भाकरीची कड सुटते ना तशी. चारही चाकं व्हायला वीस मिनिटं. मग त्यांनी गाडी दोन फूट पुढे घ्यायला लावली आणि ठसा दाखवला. आधीचा ठसा जेमतेम वीतभर, कडा खोल कापलेल्या. नवीन ठसा जरा रुंद, उथळ, वाळू नुसती दाबलेली. तेवढ्यावरच गाडी तरंगते. बाकी पाच लाखाचं सामान एकीकडे आणि हवेचा गेज एकीकडे, एवढा फरक मी स्वतः पाहिला, कारण दुपारी मुद्दाम २८ वर त्याच उतारावर चढून बघितलं आणि अर्ध्यात थांबले, १६ वर आणली आणि त्याच गिअरला वर पोचले.

वाळूबद्दल जे शिकले ते पटापट सांगते. सकाळी लवकर निघा, दवाने वाळू जरा घट्ट असते, अकरानंतर सैल होते. टेकडीची वाऱ्याकडची बाजू दाबलेली आणि पसरट, पलीकडची बाजू ३०-३४ अंशांचा उतार आणि तिथली वाळू नुसती ओतलेली. चढताना सरळ, उतरताना सरळ, आडवं कधीच जायचं नाही, गाडी लोळते. चढ अर्धवट राहिला तर वळवायचा प्रयत्न करायचा नाही, रिव्हर्स टाकून आलो त्याच चाकोरीतून मागे. ब्रेक दाबून थांबलं की पुढच्या चाकांसमोर वाळूचा ढीग होतो, त्यापेक्षा ॲक्सलरेटर सोडून गाडी आपली आपण थांबू द्यायची. हवा १५ च्या खाली गेली की स्टिअरिंग झटक्यात फिरवू नका, टायर रिमवरून उतरतो. आणि गाडीला उंच काठीवर झेंडा लावा, पलीकडून चढणाऱ्या गाडीला तुम्ही दिसायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी फसलो. पुढे भाईसांची जिप्सी. जिप्सी म्हणजे १.३ लिटरचं इंजिन, ८० हॉर्सपॉवर, माझ्यापेक्षा जवळजवळ निम्मी ताकद, पण वजन हजार किलोच्या आसपास. ती टेकडीवरून अशी गेली की मागे चाकोरी पण नीट उमटली नाही. मी त्याच रेषेत त्याच स्पीडने गेले. माथ्यावर नाक खाली गेलं आणि गेलंच. स्टील बंपर, विंच, विंचची स्टीलची दोरी, सगळं वजन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकलेलं, पुढची चाकं वाळूत घुसली आणि गाडी माथ्यावर पोटावर बसली, स्किड प्लेट टेकलेली आणि मागची चाकं नुसती फिरतायत. फोर लो (चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर) टाकला, मागचं लॉक लागल्याचं जाणवलं, पण चाकाखाली टेकायलाच काही नाही तर लॉक काय करणार.

खाली उतरून खणायला घेतलं. वरची वाळू उन्हाने तापलेली आणि हातभर खाली गार, जवळजवळ ओलसर. स्किड प्लेटच्या खालून वाळू ओढायची, की बाजूची परत आत सरकते, हे पाऊण तास. विंच? बांधायला झाड नाही, कमरेएवढी झुडपं, ती मुळासकट येतील. गुरखाला बांधून बघितलं तर गुरखाच आमच्याकडे सरकायला लागली. म्हणजे जी वस्तू काढून ठेवायला मी नको म्हणलं होतं तिच्याच वजनाने फसलो आणि तिचा सुटायला उपयोग शून्य. शेवटी हवा १२ वर आणली, मागच्या चाकांखाली सँड ट्रॅक (चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या) सारले, गुरखाला मागे कायनेटिक दोरी लावली, दोरीच्या मधोमध आईने दिलेली सतरंजी टाकली (तुटलीच तर दोरी उडून काचेवर येऊ नये म्हणून, हे नेहमी करा) आणि गुरखाने जरा पळत येऊन ओढलं. ही दोरी रबरासारखी ताणली जाते आणि मग ओढते, साध्या टोइंग पट्ट्यासारखा दणका बसत नाही. दुसऱ्या खेचीला गाडी मागे आली.

आणि आता ती चूक. त्याच संध्याकाळी टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात परत रुतलो, फार नाही, पण पुढून ओढायची वेळ आली. पुढच्या डाव्या हुकला दोरी लावली, जिप्सीने हळू ताण दिला आणि कट्ट असा आवाज आला. थांबवलं. टॉर्च मारून बघितलं तर हुकची पट्टी वाकलेली, एक बोल्ट अर्धा बाहेर. हुक चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) नव्हताच, नुसता बंपरच्या पत्र्याला बसवलेला. मी अक्षरशः थंड पडले. जिप्सीने पूर्ण जोर लावला असता तर तो लोखंडी हुक दोरीबरोबर जिप्सीच्या मागच्या कापडातून आत गेला असता आणि तिथे भाईसांचा पुतण्या बसला होता. अशाने माणसं गेलेली आहेत. ज्या गॅरेजने हेडलाइटची रेघ खडूने मारून दिली त्यांच्याकडून हे व्हावं याचं मला खूप वाईट वाटलं, आणि मी पण निघायच्या आधी गाडीखाली वाकून बघितलं नाही. पुढचे दोन दिवस फक्त मागूनच ओढायचं ठरवलं, मागचा हुक चासीलाच होता आणि तो भक्कम राहिला.

दुसरी किरकोळ तक्रार, हवेचा पंप त्यांनी डॅशबोर्डच्या १२ व्होल्ट सॉकेटवर दिला होता, तिसऱ्या टायरला फ्यूज उडाला. हे पंप करंट जास्त खातात, ते थेट बॅटरीवर क्लिपने लावायचे. गुरखातला पंप वापरला म्हणून भागलं, नाहीतर १५ च्या हवेवर बाडमेरपर्यंत डांबरी रस्त्याने येणं म्हणजे टायर गरम होऊन फाटायची वाट बघणं.

पुण्याला आल्यावर सोमवारी थेट भोसरी. दादांना वाकलेला हुक हातात दिला. ते काही बोलले नाहीत, रॅम्पवर घेतली, खाली गेले, पाच मिनिटं नुसते टॉर्च मारून बघत होते. बाहेर येऊन म्हणाले, "ताई, हे माझ्या पोराने बसवलं आणि मी चेक केलं नाही. चूक माझी." मग त्यांनी वही काढली आणि त्याच पद्धतीचा बंपर ज्या ज्या गाड्यांना लावलाय त्यांना माझ्यासमोर फोन लावायला सुरुवात केली, की हुकला काही लावू नका, आधी घेऊन या. माझ्या गाडीला दोन्ही हुक चासीच्या पट्टीला, आतून जाड प्लेट देऊन, १०.९ ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या बोल्टने, आणि पंपाचं वायरिंग बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजने. पैसे एक रुपया घेतला नाही. स्किड प्लेट खोलली तेव्हा आत बादलीभर वाळू निघाली, ती पण साफ केली, एअर फिल्टर बदलला, मागच्या ॲक्सलचं ऑइल तपासलं. मी अजून तिथेच जाते आणि जाणार. फक्त आता काम झालं की स्वतः खाली वाकून एकेक बोल्ट बघते, आणि दादाच टॉर्च हातात देतात.

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी, सस्पेन्शन आणि टायर-रिम मिळून मला दोन लाखाच्या आतबाहेर गेले आणि त्यातला एकेक रुपया वाळूत वसूल झाला. डीफ्लेटर, चांगला गेज, पंप, कायनेटिक दोरी, दोन सँड ट्रॅक आणि दोन फावडी, हे सगळं मिळून विंचच्या निम्म्यात बसतं. बंपर, विंच, वरचं कॅरियर यांचा राजस्थानात काडीचा उपयोग झाला नाही. स्नॉर्कलचा मात्र झाला, पुढच्या गाडीची धूळ बॉनेटच्या उंचीवर सगळ्यात जास्त असते.

कायद्याचं पण डोक्यात ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये परस्पर बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पक्कं केलं, आणि क्रॅश गार्ड, बुल बारवर केंद्राने डिसेंबर २०१७ पासून कारवाई करायला सांगितलेली आहे. काय लावताय ते आधी आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्यांना विचारून लावा, अपघात झाल्यावर क्लेम अडकला की गॅरेजवाला काही करू शकत नाही.

मागच्या आठवड्यात दादांनी गाडी शेजारच्या ट्रकच्या वजनकाट्यावर नेली, फुल टाकी, आत एकटी मी, २०४० किलो. मग बंपर, विंच आणि कॅरियर उतरवून ओरिजिनल बंपर लावला आणि परत काट्यावर, १९०० किलो. १४० किलो, त्यातलं निम्म्याहून जास्त नाकावर. दोन्ही पावत्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवल्यात. गाडी चालवताना पहिल्या सिग्नललाच कळलं, ब्रेक मारल्यावर नाक पूर्वीसारखं खाली जात नाही. फेब्रुवारीत खुरीला परत जायचंय ते असंच जाणार, भाईसांशी बोलणं झालंय. बंपर आणि विंच दादांच्या शेडमध्ये गोणपाटात गुंडाळून ठेवलेत, जूनमध्ये पाऊस लागला की मुळशीसाठी परत लावून घेईन, अर्ध्या दिवसाचं काम आहे म्हणाले.